पोसायडनचा कोप आणि वरुणाचे पाश

प्लेस्टेशन 2वर 2005 साली आलेला ‘गॉड ऑफ वॉर’ ज्यांनी खेळला आहे, त्यांना सुरुवातीचा तो प्रसंग आठवत असेल. एजियन समुद्रात जहाजं फुटताहेत, हायड्राची मुंडकी फळ्या फोडून वर येताहेत आणि अशा वेळी ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन खेळाचा नायक क्रेटोस याच्यापुढे प्रकट होऊन त्याला स्वतःचा कोप देऊन टाकतो. ‘पोसायडन्स रेज’ ती हीच देणगी. बटण दाबलं की क्रेटोसभोवती विजेचं कडं उसळतं आणि त्या घेऱ्यात सापडलेला प्रत्येक शत्रू होरपळतो. जादूची निळी पट्टी तेवढी रिकामी होते, लाल गोळे खर्च केले की शक्तीची पायरी वाढते. पुढे ॲफ्रोडाइटीच्या कृपेने मेड्यूसाची नजर मिळते, झ्यूसची वीज मिळते, हेडीसची सेना मिळते. या देणग्यांविषयी, आणि विशेषतः या पहिल्या देणगीविषयी, माझं म्हणणं असं आहे की तिच्यावरचं नाव ग्रीक असलं तरी घडण ग्रीक नाही. ती आपल्या अस्त्रांची घडण आहे. मात्र अस्त्रविद्येतला सगळ्यात मोलाचा भाग गाळून ती उचलली गेली आहे.

ग्रीक कथांत देव माणसांना काय देतात ते पाहा. पर्सिअसला पंखांची पादत्राणं, अदृश्य करणारं शिरस्त्राण, झोळी आणि कोयता मिळतो. म्हणजे वस्तू मिळतात. पोसायडनचा कोप ‘ओडिसी’भर पसरलेला आहे, पण तो पोसायडनचाच आहे. आपल्या मुलाचा, पॉलिफेमसचा, डोळा फोडला म्हणून तो ओडिसिअसवर स्वतः चिडतो आणि स्वतः वादळं उठवतो. हा राग त्याने कुणाला वापरायला दिला, असं तिथे घडत नाही. यावर जाणकार थीसिअसचं नाव पुढे करतील आणि ते रास्त आहे. पोसायडनने थीसिअसला तीन इच्छा दिल्या होत्या. त्यातली एक त्याने रागाच्या भरात स्वतःच्या निरपराध मुलावर, हिप्पोलिटसवर, खर्ची घातली आणि समुद्रातून उसळलेल्या बैलाने त्या मुलाचे घोडे बिथरवून त्याचा जीव घेतला. युरिपिडीसच्या नाटकाचा कणा हाच आहे. पण इथेही थीसिअस फक्त मागतो. बैल पाठवतो तो पोसायडन. पेरिक्लिमेनसला त्याने रूपं बदलण्याची शक्ती दिली, काएनिअसला शस्त्राने न भेदणारं शरीर दिलं, युफेमसला पाण्यावरून चालता येत असे. या सगळ्या देहाच्या सिद्धी झाल्या. देवाचा संहार माणसाच्या मुठीत येणं आणि माणसाने तो हवा तेव्हा सोडणं, हे मला ग्रीक कथांत कुठे भेटत नाही.

भेटतं ते महाभारताच्या वनपर्वात. किरातरूपी शिवाशी झालेल्या झुंजीनंतर पाशुपतास्त्र मिळालेल्या अर्जुनासमोर लोकपाल येतात. यम दंड देतो, कुबेर शत्रूला निद्रिस्त करणारं अंतर्धानास्त्र देतो आणि पाण्याचा धनी वरुण आपले पाश देतो. एकेक देव, एकेकाची शक्ती, पुढे असलेल्या युद्धासाठी: ‘गॉड ऑफ वॉर’चा आराखडा इथे जसाच्या तसा दिसतो. फरक एका तपशिलात आहे. वरुण पाश देतो तो ते सोडण्याच्या आणि परत घेण्याच्या रहस्यासकट. महाभारतकाराला हा मुद्दा इतका महत्त्वाचा वाटतो की सौप्तिकपर्वाचा सगळा पेच त्याने यावरच उभा केला. ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनही सोडतो आणि अश्वत्थामाही सोडतो. अर्जुनाला ते मागे घेता येतं, अश्वत्थाम्याला येत नाही, आणि ते उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडतं. वनपर्वातच याहून कमी वाचला जाणारा एक प्रसंग आहे. स्वर्गातून परतलेला अर्जुन भावांना कौतुकाने अस्त्रं दाखवायला लागतो, धरणी थरथरते, समुद्र खवळतो, आणि नारद येऊन त्याला थांबवतो: समोर लक्ष्य नसताना अस्त्राला हात घालायचा नाही. रामायणातही समुद्रावर रोखलेला रामाचा बाण भात्यात परतू शकत नाही, म्हणून तो द्रुमकुल्य या प्रदेशाकडे वळवावा लागतो आणि तिथे वाळवंट होतं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की जादूची पट्टी आणि स्फोट ही व्हिडिओ गेमची जुनी सोय आहे, तिच्यात पुराण शोधू नये. पट्टी जुनी आहे, मान्य. पण ती कुणाकडून मिळते, का मिळते आणि देणाऱ्याचं पुढे काय होतं, हे लेखकांनी ठरवलेलं असतं, आणि तिथे पुराणाचा हिशोब लागतोच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: या मालिकेत देणगीचे परिणाम दाखवले आहेत. 2010च्या तिसऱ्या भागात क्रेटोस त्याच पोसायडनला ठार मारतो आणि समुद्र जगावर चालून येतो. भस्मासुराची कथा, फक्त मोहिनी आलीच नाही. हे खरं आहे आणि ते दृश्य जबरदस्त आहे. पण परिणाम कथेत येतो, खेळणाऱ्याच्या बोटाला तो लागत नाही. सोडलेलं मागे घ्यायची वेळ त्याच्यावर एकदाही येत नाही.

पालघरच्या दांडी-उच्छेळीपासून सातपाटीपर्यंतच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो तो त्याने शांत राहावं म्हणून. त्याचा कोप आपल्याला वापरायला मिळावा, असं दर्यावर जगणारा माणूस मागत नाही. ग्रीक खलाशीही पोसायडनला सांभाळणारा, स्थैर्य देणारा म्हणून आळवत असत. आणि हे खलाशी आपल्याला परके नव्हते: ‘पेरिप्लस’ हे सागरी प्रवासवर्णन लिहिणाऱ्या ग्रीकभाषक व्यापाऱ्याने पहिल्या शतकात कल्याणबरोबर सोपाऱ्याचं नाव नोंदवलं आहे. पालघर जिल्ह्यातला हा नालासोपारा म्हणजे जुनं शूर्पारक. परशुरामासाठी समुद्राने इथली जमीन मोकळी केली, असं शांतिपर्व सांगतं. भगवानलाल इंद्रजींनी 1882मध्ये इथला स्तूप उकरला. आणि याच बंदराच्या नावाचा एक माणूस जातककथांत आहे, ज्याच्यावर माझ्या माहितीत अजून कुणी खेळ केलेला नाही.

पाली जातकातला सुप्पारक हा भडोचच्या मुख्य नावाड्याचा मुलगा. आर्यशूराच्या ‘जातकमाले’त तो सुपारग होतो आणि त्याच्या बंदरालाही तेच नाव मिळतं, सोपाऱ्याशी त्याची सांगड घातली जाते ती त्यामुळे. खाऱ्या पाण्याने त्याची दृष्टी गेली. मग तो राजाकडे पारख करायला राहिला. हाताने चाचपून हत्तीची खोड सांगायचा, आणि राजा दर वेळी आठ कार्षापण हातावर ठेवायचा. ही तर न्हाव्याची बिदागी, म्हणून तो वैतागून घरी परतला. सातशे व्यापारी जहाज चालवायची विनंती घेऊन त्याच्या दारी आले. मी आंधळा, असं त्याने सांगूनही ते हटले नाहीत. चार महिने भरकटलेलं जहाज एकामागून एक अनोळखी समुद्रांत शिरत गेलं: खुरमाल, अग्गिमाल, दधिमाल, कुसमाल, नळमाल. खुरमालात हिरे आहेत हे त्याने ओळखलं, पण सांगितलं तर हावेपोटी हे लोक जहाज बुडवतील, म्हणून मासे धरायच्या निमित्ताने जाळं टाकून त्याने ते गुपचूप वर घेतले आणि हलका माल समुद्रात टाकून दिला. शेवटी वळभामुख आलं, जिथे पाणी भिंतीसारखं चढतं आणि कुणी परतत नाही. सुप्पारकाने स्नान केलं, कोरं वस्त्र नेसलं, भरलेलं पात्र हातात घेऊन तो नाळेवर उभा राहिला आणि सत्यक्रिया केली: समजू लागल्यापासून मी जाणूनबुजून एकाही जिवाची हिंसा केलेली नाही. जहाज एका दिवसात भडोचला पोहोचलं. इथे देणारा देवच नाही. आयुष्यभर काय केलं नाही, त्याच्या जोरावर शक्ती येते. क्रेटोसच्या अगदी उलट टोकाला उभा असलेला हा माणूस आहे आणि मला तो जास्त मोठा वाटतो.

आपल्याकडे देवदत्त शक्तीचा खेळ झालेला आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ आणला. महाबलासुराने पळवलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघालेल्या राजीला दुर्गेचा त्रिशूळ मिळतो, विष्णूचं धनुष्य मिळतं. तिचं नशीब दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत पाहतात. मधली दृश्यं सावल्यांच्या बाहुल्यांनी रंगवली आहेत. चित्र आणि वास्तू यांत हा खेळ कुणालाही हार जाणार नाही. पण शक्तीच्या बाबतीत तो पोसायडनच्याच वाटेने गेला. त्रिशूळ मिळतो, वाढतो, चालतो. तो आवरावा लागत नाही. संयम आणला की मजा जाते, असं खेळ घडवणारे म्हणतील. पण कर्णाची वासवी शक्ती आठवा. इंद्राने दिलेली, एकदाच चालणारी, अर्जुनासाठी राखून ठेवलेली, आणि घटोत्कच सैन्य चिरडू लागल्यावर त्याच्यावरच सोडावी लागलेली. शेवटच्या शत्रूसाठी दारूगोळा जपून ठेवणाऱ्या प्रत्येक खेळाडूला ही घालमेल ठाऊक आहे. तीत मजा नसती तर द्रोणपर्वातली ती रात्र आजही लोक श्वास रोखून ऐकत बसले नसते.

म्हणून पुण्या-मुंबईत पुढचा पौराणिक खेळ रचायला बसलेल्यांना माझी विनंती आहे. अस्त्र सोडायचं एक बटण द्या, तसंच ते परत घ्यायचंही द्या, आणि ते शिकायला पहिल्याहून अवघड ठेवा. कथा हवी असेल तर सोपाऱ्याच्या आंधळ्या नावाड्यापासून सुरुवात करा.