फेकलेलं खेळणं कुठे पडतं?

कुत्र्यांच्या ॲजिलिटी स्पर्धेत एक गंमत आहे. ज्या वस्तूसाठी कुत्रा जीव तोडून धावायला शिकलेला असतो, नेमकी तीच वस्तू स्पर्धेच्या दिवशी रिंगणाबाहेर ठेवावी लागते. दोरी लावलेला चेंडू, फ्लीसच्या कापडाची वेणी, सशाच्या कातड्याचा तुकडा यांपैकी काहीच आत चालत नाही. एफसीआय या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाप्रमाणे कुत्र्याबरोबर धावणाऱ्या हँडलरच्या हातात काहीही असता कामा नये. समोर पंधरा-वीस अडथळे असतात आणि त्यांचा क्रम परीक्षकानं ठरवलेला असतो. हँडलरला आधी मोकळ्या रिंगणात फिरून तो पाठ करता येतो. कुत्र्याला मात्र तो थेट धावतानाच कळतो, तोही माणसाचे पाय, खांदे आणि हाका यांवरून.

हा खेळ तसा अलीकडचा. १९७८ साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात ‘क्रफ्ट्स’ हे श्वानप्रदर्शन भरलं होतं. मुख्य रिंगणातल्या मधल्या वेळात प्रेक्षकांची करमणूक व्हावी म्हणून आयोजन समितीतल्या जॉन व्हार्ली यांनी घोड्यांच्या शो-जंपिंगवरून कल्पना उचलली आणि प्रशिक्षक पीटर मीनवेल यांच्या मदतीनं कुत्र्यांसाठी अडथळे उभे केले. प्रेक्षक खूश झाले. १९८० मध्ये ब्रिटिश केनल क्लबनं खेळाला अधिकृत मान्यता दिली. पुढचा इतिहास इथे महत्त्वाचा नाही. महत्त्वाचं हे, की ही शर्यत सेकंदाच्या शंभराव्या भागावर जिंकली-हरली जाते, आणि वेगाचा प्रश्न आला की खाऊपेक्षा खेळणं पुढे येतं.

खाऊ मिळवायचा तर कुत्रा थांबतो, मान खाली घालतो, चावतो आणि पुन्हा हाताकडे बघतो. बैस, थांब, हळू हे शिकवायला खाऊसारखं दुसरं काही नाही. पण सुसाट सुटलेल्या कुत्र्याला बिस्किटाचा तुकडा दाखवणं म्हणजे त्याला ब्रेक लावणंच. खेळण्याचं तसं नाही. त्याच्यामागे धावणं हेच बक्षीस असतं, आणि त्याचं मूळ शिकारीत आहे. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अभ्यासक दांपत्यानं शिकारीची साखळी नीट मांडून दाखवली आहे: सावज हेरणं, टक लावणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मग मारणं आणि फाडणं. माणसानं वेगवेगळ्या कामांसाठी कुत्रे निपजवताना या साखळीतल्या काही कड्या ताणल्या, काही दाबल्या. बॉर्डर कोलीत टक लावणं आणि पाठलाग टोकाला पोचले. तो ॲजिलिटीवर राज्य करतो ते काही योगायोगानं नाही. आपल्याकडच्या कारवानसारख्या नजरेनं शिकार करणाऱ्या कुत्र्यालाही जमिनीवरून सरपटत दूर जाणारी वस्तू खुणावते.

म्हणूनच खेळणं कुत्र्याच्या तोंडापाशी नेऊन हलवत बसणारा माणूस हमखास निराश होतो. कुठलाही ससा लांडग्याच्या तोंडात आपणहून शिरत नाही. खेळणं दूर पळायला हवं, मध्येच थबकायला हवं, झटका देऊन दिशा बदलायला हवं. बाजारात यासाठी महागडे टग, म्हणजे ओढाओढीची खेळणी, मिळतात, ताणणाऱ्या रबराचे, मेंढीच्या कातड्याचे. पण माणूसच ढिम्म उभा असेल तर त्यांचा उपयोग शून्य.

खरी कारागिरी मात्र वेगळीच आहे. खेळणं कुत्र्याला खूश करतं तसंच ते शिकवतंही, आणि काय शिकवतं हे ते कुठे पडतं यावर ठरतं. नागमोडी जायच्या बारा खांबांची रांग घ्या. दोन खांबांत साधारण ६० सेंटिमीटरचं अंतर असतं. रांग संपल्यावर हँडलरनं खिशातून चेंडू काढून हातानं दिला, असं आठवडाभर चाललं, की कुत्रा शेवटच्या दोन खांबांपाशी मान वळवून माणसाकडे बघू लागतो आणि तिथेच चुकतो. तोच चेंडू कुत्र्याची नजर पुढे असताना, रांगेच्या सरळ रेषेत पुढे पडला, तर डोकं खाली राहतं आणि शेवटचा खांब गाठायची घाई वाढते. फेक उशिरा झाली, कुत्र्यानं मागे वळून पाहिल्यावर चेंडू सुटला, तर बक्षीस मागे वळण्याला मिळालं. कुत्र्याचा हिशेब इतका सरळ आहे.

उडीनंतर आखूड वळण हवं असेल तर उलट करायचं. खेळणं पुढे फेकायचं नाही, उडीच्या अडथळ्याच्या खांबालगत, आपल्या मांडीशी ओढाओढी करायची. डॉग-वॉक या उंच फळीवर तर हे आणखी नाजूक होतं. फळीच्या उतरत्या टोकाला वेगळ्या रंगाचा पट्टा असतो. त्यावर पंजा टेकला नाही तर पाच दोष. काही जण कुत्र्याला पुढचे पाय जमिनीवर आणि मागचे फळीवर ठेवून थांबायला शिकवतात. तिथे खेळणं थांबलेल्या तोंडापाशीच दिलं जातं. न थांबता पट्ट्यातून धावत जाणाऱ्या कुत्र्यासाठी ते बरंच पुढे पडायला हवं, नाहीतर पावलांची लय बिघडते. एकच चेंडू, एकच फळी, पण धडे दोन.

ओढाओढीबद्दल एक जुनी भीती अजून ऐकू येते: कुत्र्याला जिंकू दिलं तर तो डोक्यावर बसतो. निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी २००२ साली १४ गोल्डन रिट्रीव्हर घेऊन हे तपासलं. प्रत्येकाला काही सत्रांत सतत जिंकू दिलं, काही सत्रांत सतत हरवलं. जिंकण्यामुळे वर्चस्व गाजवण्याची लक्षणं वाढली नाहीत. खेळकर कुत्रे जिंकल्यावर आणखी खेळायला मागू लागले, एवढंच. स्पर्धक म्हणूनच कुत्र्याला मुद्दाम जिंकू देतात आणि तो खेळणं घेऊन आपणहून परत येईल असं बघतात. अट एकच. ‘सोड’ म्हटलं की सुटलं पाहिजे, आणि सोडल्याबरोबर खेळ पुन्हा सुरू व्हायला पाहिजे. ओढताना मान वर-खाली झटकायची नाही. खेळणं खाली, पाठीच्या रेषेत धरायचं. दात बदलण्याच्या वयात तर हात फारच हलका हवा.

आता मूळ पेच. रिंगणात खेळणं नाही, मग कुत्रा धावतो कशासाठी? उत्तराचा एक भाग डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञानं सांगून ठेवला आहे: जे करायला प्राण्याला मनापासून आवडतं, ते त्याहून कमी आवडीच्या कामाचं बक्षीस होऊ शकतं. स्टार्टलाइनवर शांत बसलं की पहिली उडी मिळते. वर्षानुवर्षं खेळणं अडथळ्यांच्या शेजारी, अनपेक्षित क्षणी मिळत गेलं, की बोगदा दिसताच अंगात चेंडूच्या वेळचा उत्साह संचारतो. खेळणं कधी दुसऱ्या उडीनंतर मिळतं, कधी अठराव्या. त्यामुळे ते आलं नाही तरी कुत्रा पुढच्या वळणावर आशेनंच जातो. अलीकडे अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, निकालात न धरल्या जाणाऱ्या धावेत खेळणं नेण्याची मुभाही मिळू लागली आहे. अमेरिकन केनल क्लबची अट मजेदार आहे: खेळणं वाजणारं नको. शेजारच्या रिंगणातल्या कुत्र्यांचा विचार केला तर रास्तच म्हणायची.

खेळण्याचं वेड जितकं जास्त तितकं चांगलं, असा अनेक क्लबांत समज आहे, पण मला मात्र तसं वाटत नाही. ड्यूक विद्यापीठातल्या एमिली ब्रे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये कुत्र्यांसमोर पारदर्शक अडसर ठेवला. पलीकडचा खाऊ गाठायला सरळ धडक न मारता वळसा घालणं भाग होतं. शांत स्वभावाच्या साहाय्यक कुत्र्यांना आवाजानं चेतवलं तर त्यांची कामगिरी सुधारली. घरातल्या, मुळातच उतावीळ पाळीव कुत्र्यांची बिघडली. स्टार्टलाइनवर भुंकत, थरथरत उभ्या असलेल्या कोलीला आणखी दोन मिनिटं टग ओढायला लावणं म्हणजे पहिल्याच उडीचा दांडा पाडून घेणं. मंद कुत्र्याला त्याच दोन मिनिटांनी जाग येते. म्हणून अनुभवी हँडलरच्या पिशवीत टगबरोबर खाऊचे बारीक तुकडेही असतात. तापलेल्या कुत्र्यासाठी ते रांगेत उभं असतानाच गवतावर पसरून टाकायचे आणि टग धाव संपेपर्यंत पिशवीतच राहू द्यायचा.