सोनाराचा पेलिकन

सिल्लोडच्या माणसाला चित्रं बघायला लांब जावं लागत नाही. जळगावच्या रस्त्याने घाट उतरला की अजिंठा. तरी गेली कित्येक वर्षं माझं डोकं जुन्या गोव्यातल्या एका चांदीच्या पक्ष्यात अडकलं आहे. सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात तो आहे: सतराव्या शतकातला, गोलावर बसलेला पेलिकन. संग्रहालय 1994 साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं, 2002 मध्ये इथे आलं. मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, पवित्र झालेली ओस्ती, म्हणजे बिनखमिराच्या गव्हाच्या पिठाची कागदाइतकी पातळ चकती, आत जपायची आणि भाविकांना दर्शनासाठी दाखवायचीही, अशी दोन्ही कामं पेलिकनच्या रूपातलं हे एकच पात्र करायचं.

पेलिकनच का? कथा इजिप्तकडची, ‘फिजिओलोगस’ नावाच्या ग्रीक ग्रंथातली. पिल्लं मरतात, तिसऱ्या दिवशी पेलिकन स्वतःची कूस फोडतो आणि रक्त शिंपून त्यांना जिवंत करतो. पुढे कथा बदलली. आई उपाशी पिल्लांना छातीचं रक्त पाजू लागली. संत ऑगस्टीनला शंका होती. खरं असेल, खोटंही असेल, पण ख्रिस्ताला शोभतं, असा त्याचा सूर. (कीर्तनकारांना हा न्याय ओळखीचा वाटावा.) खरा पेलिकन चोचीखालची झोळी रिकामी करताना चोच छातीला टेकवतो, आणि एका जातीची झोळी विणीच्या काळात लाल होते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने ओस्तीपुढे म्हणायच्या स्तोत्रात ख्रिस्तालाच पेलिकन म्हटलं आणि पक्षी वेदीवर पक्का बसला. पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव, मृत्यू 1495, याचं तर वैयक्तिक बोधचिन्हच पेलिकन होतं. म्हणजे गोव्यात हा पक्षी उतरला तेव्हा त्याच्यामागे धर्म होता आणि दरबारही.

आता भांडणाकडे येतो, कारण मला खरा रस त्यात आहे. 1551 मध्ये त्रेन्तच्या धर्मसभेने प्रोटेस्टंटांना ठणकावलं की ओस्तीत ख्रिस्त खरोखर हजर आहे, तिची आराधना झालीच पाहिजे. आराधना आली की दाखवायचं पात्र आलं, पात्र आलं की सोनार आला. गोव्यातला सोनार हिंदू. 1567 साली गोव्यात पहिली प्रांतीय धर्मसभा भरली आणि तिने कलमच घातलं: ख्रिस्ती माणसाने पूजेची चित्रं अख्रिस्ती चिताऱ्याकडून काढून घेऊ नयेत, चॅलिस (मिस्सेतला पेला), क्रूस, मेणबत्तीदानं अख्रिस्ती सोनार-ओताऱ्यांकडून घडवून घेऊ नयेत. असं कलम घालावं लागलं याचा अर्थ उघड आहे. काम त्यांच्याकडेच जात होतं. आणि का जाऊ नये? 1520 च्या आसपास गोव्याचा रावळू शेट खुद्द लिस्बनमध्ये राजा मानुएलसाठी दागिने घडवत होता. राजाला चाललेला हात पाद्र्यांना विटाळाचा वाटू लागला, हा त्या कलमातला विनोद मला विसरता येत नाही. विटाळाचं शास्त्र आपल्याकडून तिकडे गेलं म्हणावं, की त्यांचं आधीपासूनच होतं?

त्या पेलिकनकडे बघताना मला तर तो हंसच वाटतो. युरोपातल्या बहुतेक कोरीवकारांनीही पेलिकन पाहिलेला नसायचा. कुणी गरुड काढला, कुणी हंस. पण गोव्यातल्या कारागिराला हंस समईवर, प्रभावळीवर हातात बसलेला.

आणि इथे अजिंठा आठवतोच. एक नंबरच्या लेण्यात शिबी राजा आहे: शरण आलेलं कबूतर, मागे लागलेला ससाणा, तराजू, कबुतराच्या वजनाइतकं स्वतःचं मांस. (सतरा नंबरमध्ये तोच शिबी डोळे काढून देतो.) गोव्याच्या सोनाराने ही चित्रं पाहिली असणं शक्य नाही; 1819 मध्ये इंग्रज शिकारी पोचेपर्यंत ती रानात होती. पण शिबी महाभारतातही आहे, वनपर्वात. ती कथा त्याच्या कानावर नव्हती, हे मानणं मला जड जातं.

तरीही दोन्ही कथा ‘त्याग’ म्हणून एकाच खणात टाकणारी व्याख्यानं मला पटत नाहीत. महाभारतात वाचतं कबूतर, मांस मागतो ससाणा, आणि अखेर दोघेही देव निघतात. ती परीक्षा होती. पेलिकनची पिल्लं मात्र जगतात ती पिऊनच. मिस्सेतही तसंच: ज्याला वाचवायचं, त्यानेच खायचं. तराजू नाही, परीक्षा नाही, पण बाप्तिस्म्याची अट आहे. 1567 च्या कलमाला न जुमानता तो पक्षी एखाद्या हिंदू सोनारानेच घडवला असेल, तर आतल्या चकतीवर त्याचा हक्क नव्हता. त्याला मजुरी मिळाली असेल, चांदीच्या तोळ्यावर.