रेणूवर खूण करणारा रेणू

पक्ष्यांच्या पायांत कडी अडकवून पक्षिशास्त्रज्ञ त्यांच्या प्रवासाचा माग काढतात, हे तुम्ही वाचले असेल. पण पेशीतल्या हजारो प्रकारच्या रेणूंपैकी एकाचाच माग काढायचा असेल, तर? डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूला कडी कशी घालायची?

आर.एन.ए.चेच उदाहरण घ्या. हा रेणू म्हणजे चार प्रकारच्या मण्यांची लांब माळ. ए, यू, जी आणि सी ही त्या मण्यांची नावे. एकच मणी माळेत शेकडो वेळा येऊ शकतो. मग रंग नेमक्या एकाच मण्याला कसा लावायचा?

ही कामगिरी करतो दुसरा एक आर.एन.ए.! सजीवांतील रासायनिक क्रियांचे उत्प्रेरक, म्हणजे एंझाइमे, ही प्रथिनेच असतात असा पूर्वी समज होता. १९८२ साली अमेरिकेत थॉमस चेक यांना निराळेच आढळले. टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाचा आर.एन.ए. प्रथिनाच्या मदतीशिवाय स्वतःमधला एक तुकडा कापून टाकत होता. अशा उत्प्रेरक आर.एन.ए.ला रायबोझाइम म्हणतात. या क्षेत्रातील शोधांबद्दल चेक व सिडनी आल्टमन यांना १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जर्मनीतील वुर्त्सबुर्ग विद्यापीठात क्लॉडिया होबार्टनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली रंगाची खूण करणारी रायबोझाइमे मिळवली. ती मिळवण्याची रीत मोठी मजेदार आहे. मण्यांचा क्रम वाटेल तसा असलेल्या असंख्य माळा तयार करायच्या, त्यांतल्या काम करणाऱ्या तेवढ्या वेचायच्या, त्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा चाळणी लावायची. जणू परीक्षानळीतली नैसर्गिक निवडच!

या रायबोझाइमला दोन बाहू असतात. ए समोर यू आणि जी समोर सी अशी जोडी जमते, म्हणून ते बाहू ठरलेल्या माळेलाच मिठी मारतात. मधला एक ए मात्र मोकळा राहतो. रायबोझाइमचा गाभा नेमका त्याच मण्याला चमकत्या रंगाचा एक जादा मणी पक्क्या रासायनिक बंधाने जोडतो. बाहूंतले मणी बदलले, की पत्ता बदलला!

हा पत्ता किती नेमका असतो? दहा मण्यांची माळ १०,४८,५७६ निरनिराळ्या प्रकारे ओवता येते. चार हा आकडा दहा वेळा घेऊन गुणाकार करा आणि पडताळा पाहा. मग जी-सी-यू-ए-जी या तुकड्याला मिठी मारणारा बाहू वहीत लिहा. तो जमला, की रायबोझाइम पत्ता कसा ओळखतो, हे तुम्हाला कळलेच म्हणायचे!