पाहुण्याच्या पदरात काय पडते?

सुट्ट्या जवळ आल्या की पंचवटीतील प्रवासी कंपन्यांच्या दारांवर गोव्याच्या सहलींच्या पाट्या लागतात. तीन रात्री, चार दिवस, नाश्त्यासह हॉटेल आणि मांडवी नदीतील नौकाविहार, असा त्यांचा ठरलेला मजकूर असतो. बँकेतील कारकून किंवा माध्यमिक शाळेतील शिक्षक ती पाटी वाचतो, मनाशी आकडेमोड करतो आणि पुष्कळदा पुढे जातो. एवढ्या पैशांत थायलंड होते, असे उद्गार आता नाशिकसारख्या शहरातही सहज कानी पडतात. त्यात थोडी अतिशयोक्ती असेल. परंतु ज्या गोव्याशी दुसऱ्या कशाची तुलना करावी असे एके काळी कोणाच्या मनातही येत नव्हते, त्या गोव्याची आता तुलना होऊ लागली आहे, ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पंचवटीला तर ती अधिकच लागू पडते, कारण गोव्याची पाटी वाचणारा हा गावही पिढ्यानपिढ्या पाहुण्यांवरच जगत आलेला आहे.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘संतोषाधिक्य’ नावाची एक कल्पना असते. एखाद्या वस्तूसाठी माणूस जास्तीत जास्त जेवढे द्यायला तयार असतो आणि प्रत्यक्षात जेवढे देतो, यांमधील फरक म्हणजे त्याचे संतोषाधिक्य. परीक्षेपुरती पाठ करून विसरण्याची ही व्याख्या पर्यटनस्थळांच्या बाबतीत मात्र जिवंत होते. प्रवासी घरी परततो तो हे आधिक्य गाठीशी बांधून, आणि शेजाऱ्याला तो जे सांगतो तेही त्याच्यावरच अवलंबून असते. गावाने ते शेवटच्या पैशापर्यंत काढून घेतले, तर प्रवासी भांडत नाही, तक्रार अर्जही करीत नाही. तो केवळ पुन्हा येत नाही.

या व्यवहाराचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील लास व्हेगास हे शहर होय. नेवाडा राज्याने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला आणि वाळवंटातील हे लहानसे गाव पाहता पाहता जगभर गाजले. त्याच्या वैभवाच्या काळातील गंमत अशी, की तेथे खाणेपिणे आणि राहणे अतिशय स्वस्त होते. गोल्डन गेट या जुन्या कॅसिनोत कोळंबीचा पेला १९५९ पासून तीस वर्षांहून अधिक काळ पन्नास सेंटलाच मिळत असे. पोटभर जेवण नाममात्र दरात, गाडी उभी करणे फुकट, खेळणाऱ्याला पेय फुकट. यात औदार्य नव्हते. मालकाची मिळकत खेळाच्या टेबलावर होती आणि बाकी सारे पाहुण्याला टेबलापर्यंत आणण्याचे साधन होते. परंतु हेतू काहीही असो, ज्याला जुगारात रस नव्हता किंवा जो दहा-वीस डॉलर हरून उठत असे, त्या सामान्य माणसाच्या पदरात पुष्कळ काही पडत होते. हरलो, पण मजा आली, असे म्हणत तो घरी जाई आणि पुढल्या वर्षी पुन्हा येई.

पुढे हिशेबाची रीत बदलली. मोठमोठ्या भागधारक कंपन्यांनी हॉटेले ताब्यात घेतली. खोली, उपाहारगृह, नाट्यगृह, वाहनतळ या प्रत्येकाने आपापला नफा दाखवला पाहिजे, असा दंडक आला. १९८० च्या दशकापर्यंत त्या शहराच्या प्रमुख हॉटेलांचे निम्म्याहून अधिक उत्पन्न जुगारातून येत असे. आता ते एकतृतीयांशाहूनही कमी आहे. खोलीच्या भाड्याशिवाय ‘रिसॉर्ट शुल्क’ नावाची आणखी एक रक्कम रोज आकारली जाऊ लागली आणि अनेक ठिकाणी ती चाळीस-पन्नास डॉलरांवर गेली. तेथील केंद्रीय व्यापार आयोगाच्या नियमानुसार मे २०२५ पासून हे शुल्क सुरुवातीच्याच किमतीत धरून दाखवणे सक्तीचे झाले. म्हणजे ते झाकून ठेवण्याची सोय गेली, शुल्क राहिले. पूर्वी फुकट असलेल्या वाहनतळांवरही २०१६ पासून एका मोठ्या कंपनीने पैसे घेण्यास सुरुवात केली आणि इतरांनी तिचा कित्ता गिरवला.

सर्वांत सूक्ष्म बदल मात्र खेळातच झाला. ब्लॅकजॅक या एकवीस गुणांच्या पत्त्यांच्या खेळात पहिल्या दोनच पानांत एकवीस जमले, तर दहा डॉलरांच्या पैजेवर पंधरा डॉलर देण्याची रीत होती. आता पुष्कळशा टेबलांवर बाराच मिळतात. तीन डॉलरांचा हा फरक क्षुल्लक वाटतो. पण असा योग शंभर डावांत चार-पाच वेळा येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे मालकाचा हिस्सा प्रत्येक पैजेमागे सुमारे सव्वा ते दीड टक्क्याने वाढला, असे दिसेल. आणि काळजीपूर्वक खेळणाऱ्याविरुद्ध जुन्या नियमांत मालकाचा एकूण हिस्साच जेमतेम अर्धा-पाऊण टक्का होता. पाहुण्याला गणित येत नसेल, पण त्याचे पैसे पूर्वी तीन तास पुरत होते ते आता तासाभरात संपतात, हे त्याला कळते.

याचे फलित काय? २०२५ मध्ये लास व्हेगासला येणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षाच्या मानाने सुमारे साडेसात टक्क्यांनी घटली. कॅनडाशी झालेल्या व्यापारी तंट्यामुळे तिकडचे प्रवासी रोडावले, हे त्याचे एक कारण. साऱ्याचे खापर महागाईवर फोडता येणार नाही. परंतु प्रवासी ज्या प्रमाणात घटले त्या प्रमाणात जुगाराचे उत्पन्न घटले नाही. थोड्या, पण अधिक श्रीमंत पाहुण्यांवर शहर तगून राहिले. येथेच खरी मेख आहे. दरडोई खर्च वाढत असतो तोवर ताळेबंद निरोगी दिसतो, आणि सामान्य पाहुणा गेल्याचे कळायला वेळ लागतो. अटलांटिक सिटीला तेवढाही अवधी मिळाला नाही. १९७८ मध्ये तेथे पहिला कॅसिनो उघडला, शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २००६ पासून कॅसिनो सुरू झाले, आणि २०१४ या एकाच वर्षात त्या शहराच्या बारांपैकी चार कॅसिनोंना टाळे लागले. पत्ते कोठेही पिसता येतात. केवळ त्यांच्यावर उभे राहिलेल्या गावाला स्वतःचे असे फारसे काही उरत नाही.

गोव्याचे तसे नाही; त्याच्याकडे समुद्र आहे, देवळे आहेत, चर्चे आहेत, खाद्यसंस्कृती आहे. तरीही १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना, आणि पुढे १९९६ मध्ये नौकांवर टेबलांवरील खेळांना वाट करून देण्यात आली. पणजीसमोर मांडवीच्या पात्रात रात्री झगमगणाऱ्या नौका हे त्या दुरुस्तीचे फळ होय. त्या नदीतून हलवण्याची आश्वासने अनेकदा दिली गेली आणि मुदतवाढीही तितक्याच वेळा मिळाल्या. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना तेथे जुगार खेळण्यास मनाई आहे. जो खेळ घरच्यांना घातक म्हणून वर्ज्य, तो पाहुण्याला मात्र खुशाल वाढावा, हा आदरातिथ्याचा प्रकार अजबच म्हणावा लागेल.

त्यात कराची भर पडली. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत विकत घेतलेल्या चिप्सच्या पूर्ण दर्शनी किमतीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हा दर ४० टक्क्यांवर गेला. मालकाने तो स्वतः सोसला नाही, तर शंभर रुपयांच्या चिप्सना एकशेचाळीस रुपये पडतील. म्हणजे पहिले पान उलटण्यापूर्वीच पाहुण्याने एकूण रकमेचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग गमावलेला असेल. जुगारावर जबर कर असावा याबद्दल फारसा मतभेद नसावा. परंतु मग त्या जुगाराला पर्यटनाचे आकर्षण म्हणून मिरवण्यात अर्थ राहत नाही, हेही ओघानेच येते.

आकड्यांच्या बाबतीत गोव्याचे सरकार आणि टीकाकार दोघेही आपापल्या परीने बरोबर आहेत. २०२४ मध्ये एक कोटीहून अधिक प्रवासी आले, म्हणजे २०१९ पेक्षा जास्तच. मात्र त्यांतील परदेशी प्रवासी २०१९ मध्ये नऊ लाखांहून अधिक होते ते २०२४ मध्ये पावणेपाच लाखांच्या आत राहिले. महासाथ, युक्रेनचे युद्ध, बंद पडलेली खास विमाने ही कारणे खरीच आहेत. तथापि थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांना व्हिसा माफ केल्यावर देशी प्रवाशालाही तुलनेची मोकळीक मिळाली, आणि तुलनेत सर्वांत आधी टॅक्सी येते. सरकारच्या पाठिंब्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या ॲपवरील टॅक्सीसेवेला स्थानिक टॅक्सीचालकांनी सातत्याने विरोध केला. त्यांच्या पोटाचा प्रश्न खोटा नाही. चार महिन्यांच्या हंगामावर बारा महिने काढायचे असतात. पण त्याचा परिणाम असा, की स्वस्त विमानाने आलेल्या कुटुंबाचा विरस विमानतळाच्या दारातच होतो.

एखाद्या टॅक्सीचालकाने दुप्पट भाडे घेतले तर नफा संपूर्णपणे त्याचा असतो. गावाच्या नावाला जो डाग लागतो तो मात्र हॉटेलवाला, खानावळवाला, फेणी विकणारा आणि उद्याचा दुसरा टॅक्सीचालक यांच्यात वाटला जातो. गावाचे नाव हे गायरान आहे. त्यात प्रत्येकाने आपली दोन गुरे अधिक सोडली तरी पहिल्या वर्षी काही बिघडत नाही. महाराष्ट्र या वाटेने जाता जाता राहिला. येथेही कॅसिनोंना परवानगी देणारा कायदा १९७६ मध्ये झाला होता, तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्याचे ठरले. त्यावर समाधान मानणे सोपे आहे. पण पाहुण्याला नागवायला कॅसिनोच लागतो असे नाही.

पंचवटीत हे व्यवहार जुन्या काळी कसे चालत? गावोगावचा यजमान आला की तो आपल्या तीर्थोपाध्यायाकडेच उतरे. उपाध्याय वही काढी. तीत यजमानाच्या आजोबा-पणजोबांची नावे, गाव आणि आल्याची तिथी असे. क्वचित त्यांच्या हातच्या मोडी अक्षरांत. रामकुंडावरील विधीची दक्षिणा यजमानाच्या ऐपतीप्रमाणे ठरे. या वहीचे धार्मिक महत्त्व कोणी काहीही मानो, आर्थिक दृष्टीने ती फार मोलाची वस्तू होती. आज या यजमानाला लुबाडले तर त्याचा मुलगा, नातू येणार नाही, आणि आपल्या मुलाच्या वाट्याला येणारे उत्पन्न बुडेल, याचे भान ती देत असे. तो काळ सुवर्णयुग होता असे मुळीच नाही. उपाध्यायांच्या लोभाच्या कथा तेव्हाही होत्या, आणि त्याच पंचवटीत काळाराम मंदिराच्या दारात अस्पृश्यांना प्रवेशासाठी १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला. परंतु ज्याच्याशी व्यवहार करायचा तो पुन्हा भेटणार आहे, ही जाणीव दराला लगाम घालते, एवढे त्या रीतीकडून शिकण्यासारखे आहे.

आज येणारा बहुसंख्य पाहुणा वहीतला नाही. तो सकाळी मोटारीने येतो, रामकुंड, सीतागुंफा आणि तपोवन करून दुपारी त्र्यंबकेश्वराला किंवा शिर्डीला निघतो. त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते आणि तो पुन्हा दिसेल अशी कोणाची अपेक्षाही नसते. वाहनतळ, पूजेची थाळी, चपला सांभाळणारा, रिक्षा, लॉजवरील गरम पाण्याची बादली, अशी त्याची वाट ठिकठिकाणी मोजली जाते. प्रत्येक रक्कम लहानच असते. व्हेगासच्या वाहनतळाचे शुल्कही लहानच होते.

२०२७ च्या सिंहस्थात हा मोह कित्येक पटींनी वाढेल. पर्वकाळात खोल्या कमी, माणसे अमाप आणि पाहुणा पुढच्या सिंहस्थापर्यंत येणार नाही, असा तिहेरी योग जुळून येईल. भाव वाढतील यात शंका नाही, आणि मर्यादेपर्यंत ते वाढावेतही. चार दिवसांसाठी कोणी जादा खाटा घालायच्या तर त्याला मोबदला हवाच. चिंता आहे ती पर्वणी सरल्यानंतर तेच भाव कायम राहण्याची. एका हंगामात चढलेले भाव पुढच्या हंगामाचा पाया होतात, हा सर्वच पर्यटनस्थळांचा अनुभव आहे. मग कर्ज काढून खोल्या वाढवलेला लॉजमालक ते उतरवू शकत नाही, आणि देवदर्शनाला म्हणून येणारा खेड्यातला शेतकरी हळूहळू बाहेर राहतो. त्याच्या जागी मोटारवाला येतो, दरडोई खर्चाचा आकडा वाढतो आणि अहवालात प्रगती दिसते.

यावर केवळ उपदेश उपयोगी नाही. सार्वजनिक सोयींचे ठेके कसे द्यावेत, हा नगरशासनाच्या हातातला प्रश्न आहे. वाहनतळ किंवा स्वच्छतागृह सर्वांत मोठी बोली बोलणाराला देण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत महसुलाच्या दृष्टीने चोख वाटते, पण ठेकेदार ती बोली पाहुण्याच्या खिशातूनच वसूल करणार, हे त्या पद्धतीतच अनुस्यूत आहे. बोली उलट दिशेने लावता येते. महापालिकेची अपेक्षित रक्कम आणि सोयीचा दर्जा आधी ठरवून टाकावा, आणि पाहुण्याकडून जो कमीत कमी दर घेण्यास तयार होईल त्याला ठेका द्यावा. तो दर मोठ्या अक्षरांत, मराठी, हिंदी आणि गुजरातीत, पाहुणा गाडीतून उतरण्यापूर्वीच त्याला दिसेल असा लिहावा. रिक्षांसाठी स्थानकावर आणि पंचवटीत आगाऊ भाड्याच्या खिडक्या उघडाव्यात. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. पर्वकाळापूर्वीच्या निविदांच्या मसुद्यात दोन कलमे बदलावी लागतील, इतकेच.