प्रभागाचा निधी, रहिवाशांचा कौल

न्यूयॉर्क नगरपरिषदेचे ५१ प्रभाग आहेत. २०११ साली त्यांपैकी चार प्रभागांच्या सदस्यांनी आपापल्या विकास निधीतील किमान दहा लाख डॉलर कोणत्या कामांवर खर्च व्हावेत, हे ठरविण्याचा अधिकार रहिवाशांना दिला. ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे शहरात ही पद्धती १९८९ मध्ये सुरू झाली होती. वस्त्यांतील सभांतून सूचना आल्या, शहराच्या खात्यांनी खर्चाचे अंदाज तपासले आणि अखेरीस मतदान झाले. नागरिकत्व नसलेल्या रहिवाशांनाही मत देता आले, हे विशेष. शाळा, उद्याने व ग्रंथालये यांच्या सुधारणा त्यातून मार्गी लागल्या. तथापि निधी भांडवली कामांपुरताच होता. सफाई वा सेवकांचे वेतन त्यातून भागविता येत नसे. पुणे महानगरपालिकेनेही २००६ पासून नागरिकांच्या सूचनांना अंदाजपत्रकात स्थान दिले. काम निवडतानाच त्याच्या देखभालीची तरतूद करणे अगत्याचे आहे.