तारापूरचा ताळेबंद

कापसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे आम्हां यावलकरांच्या गाड्या चोपड्याला, धरणगावाला किंवा जळगावला जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी रांगेने उभ्या राहतात. आणि काट्यावर चढलेला कापूस एका वहीत, दाबून बांधलेल्या रुईच्या गाठी दुसऱ्या वहीत व सरकी तिसऱ्या वहीत अशी नोंद झाल्यावर तिन्ही वह्यांचा मेळ घालणाऱ्या मुनीमजींच्या हाती अखेरीस जो थोडासा फरक उरतो, त्याला ते ‘घट’ म्हणतात. घट ही असायचीच, कारण कापसात ओल असते, माती असते, काडीकचरा असतो. परंतु स्वाभाविक घट कोणती आणि परभारे कोणाच्या घरी गेलेला माल कोणता, हे ज्याला नुसत्या आकड्यांवरून कळते तोच खरा मुनीम. युरेनियम व प्लुटोनियम यांसारख्या संहारक द्रव्यांवर जगभर जी निगराणी ठेवली जाते, जिला इंग्रजीत ‘सेफगार्ड्‌स’ असे नाव आहे, तिचे मर्म याच घटीच्या हिशेबात आहे.

निगराणी आणि सुरक्षितता यांची सामान्य वाचक बहुधा गल्लत करतो. अणुभट्टीत अपघात होऊ नये, किरणोत्सर्ग बाहेर पसरू नये, हे पाहण्यासाठी आपल्याकडे १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. निगराणीचा प्रश्न वेगळा आहे: विजेसाठी म्हणून आणलेले द्रव्य गुपचूप बाँबकडे तर वळवले जात नाही ना? साधारण आठ किलो प्लुटोनियम एका बाँबला पुरेल, असे मान धरून व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आपला हिशेब मांडते. तिचे तपासनीस येतात, आवक-जावकेच्या वह्या तपासतात, इंधनाच्या जुड्या मोजतात, कॅमेरे बसवतात आणि भांड्यांवर मोहरा लावतात. ही मोहोर पाहण्यासारखी असते. मोठ्या नाण्याएवढी धातूची दोन झाकणे एकमेकांत घट्ट बसवायची, झाकल्या वस्तूभोवती फिरवून आणलेल्या तारेची टोके त्यांच्या पोटात बंद करायची, एवढेच तिचे बाह्य रूप. परंतु झाकणाच्या आतल्या अंगावर वेडेवाकडे ओरखडे असतात, त्यांचे छायाचित्र व्हिएन्नाच्या दप्तरात अगोदरच ठेवलेले असते, आणि मोहोर काढून परत नेल्यावर ओरखड्याला ओरखडा जुळतो की नाही ते पाहिले जाते.

हा सारा प्रकार महाराष्ट्राच्या दाराशी आला तो तारापूरच्या निमित्ताने. भुसावळहून सुरतेच्या गाडीने पश्चिमेस जाऊन तेथून मुंबईच्या वाटेने खाली उतरले, की बोईसर स्थानकाच्या पश्चिमेस, समुद्रकाठी, हे अणुवीज केंद्र लागते. त्यासाठी भारत व अमेरिका यांचा करार १९६३ साली झाला, मुदत तीस वर्षांची ठरली, आणि १९६९ च्या ऑक्टोबरात तेथील दोन भट्ट्यांनी महाराष्ट्र व गुजरात यांना वीज पुरवण्यास आरंभ केला. अशा निगराणीने राष्ट्राराष्ट्रांत उच्चनीच भेद उत्पन्न होतो, असा आक्षेप व्हिएन्नाच्या संस्थेची घटना ठरत असताना, १९५६ साली, डॉ. होमी भाभा यांनी निक्षून मांडला होता. तथापि तारापूरपुरती निगराणीची अट आपण पत्करली, आणि १९७१ च्या त्रिपक्षीय करारनाम्याने तपासणीचा अखत्यार अमेरिकेकडून त्या संस्थेकडे गेला.

पुढची हकीकत अनेकांस स्मरत असेल. १९७४ च्या मे महिन्यात भारताचा पोखरणचा अणुस्फोट झाला. ज्या देशाचे सगळेच अणुकार्य तपासणीखाली नाही त्याला इंधन द्यायचे नाही, असा कायदा अमेरिकेने १९७८ साली केला. १९८० साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी धाडलेले इंधन तेथील सेनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ अशा काठावरच्या मतांनी सुटले, आणि १९८२ साली फ्रान्सने पुरवठ्याची जबाबदारी उचलली. वापरलेले इंधन मात्र अमेरिकेने परत नेले नाही आणि त्यावर पुनःप्रक्रिया करण्यास संमतीही दिली नाही. ते तारापूरच्या पाण्याखाली साठत राहिले, आणि दुसऱ्याच्या संमतीची वाट पाहत त्याची राखण करण्याचा भार आपल्यावर पडला. हा अन्याय होता, असे माझे आजही स्पष्ट मत आहे.

१९९३ च्या ऑक्टोबरात कराराची तीस वर्षे भरली. कागद संपला म्हणजे बंधन संपले, आता तपासनीसांना फाटकातूनच परत पाठवावे, असे म्हणणारा पक्ष आपल्याकडे होता, आणि वर सांगितलेला अन्याय ध्यानात घेता त्याचा संताप समजण्याजोगा होता. सरकारने तो मार्ग घेतला नाही. निगराणी आपण होऊन चालू ठेवण्याचे भारताने ठरवले आणि व्हिएन्नाच्या संस्थेशी थेट नवा करार केला, तो १ मार्च १९९४ पासून अमलात आला. अमेरिका बाजूला झाली तरी वहीची ओळ तुटली नाही. पुढे १९९५ साली चीनने व २००१ साली रशियाने तारापूरला इंधन दिले, ते ही वही चालू होती म्हणूनच. आपल्या हातच्या नोंदी नेटक्या नसत्या, तर त्या मार्चमध्ये संस्थेपुढे ठेवायला आपल्याजवळ काय असते?

हा प्रश्न किती खरा आहे, ते पुढे ब्रिटनसारख्या मातबर राष्ट्राला अनुभवाला आले. १९७३ साली युरोपीय समुदायात दाखल होताना ब्रिटन ‘युरॅटम’ या अणुसंघटनेचेही सभासद झाले, आणि तेव्हापासून त्याच्या मुलकी अणुद्रव्याची तपासणी युरोपचे तपासनीस करीत आले. इतकेच काय, त्या संघटनेच्या तहानुसार अशा विखंडनीय द्रव्याची कायदेशीर मालकीही समुदायाची असे. युरोपीय संघातून आणि त्याबरोबर या संघटनेतूनही बाहेर पडायचे ठरल्यावर तपासनीस, वह्या, संगणक, कायदा असे सगळेच नव्याने उभे करणे भाग पडले, आणि तेही सुमारे १४० टन मुलकी प्लुटोनियम पदरी असताना. आठ किलोंच्या मानाने हिशेब केला तर सतरा हजारांहून अधिक बाँबांना पुरेल एवढे ते द्रव्य. जून २०१८ मध्ये पार्लमेंटने स्वतंत्र कायदा केला, त्याच महिन्यात व्हिएन्नाशी नव्या करारावर सह्या झाल्या, अमेरिका, कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांच्याशी निराळे करार झाले, कारण त्यांवाचून इंधनाची नि सुट्या भागांची ने-आणच कायद्याने अडली असती. आणि २०२० च्या वर्षअखेरीस संक्रमणाची मुदत सरली तेव्हा ब्रिटनच्या स्वतःच्या अणुनियमन कचेरीने ते दप्तर आपल्या हाती घेतले. काम वेळेत झाले, हे त्या कचेरीच्या श्रमांना भूषणास्पद आहे. परंतु जी वही अठ्ठेचाळीस वर्षे परक्या हाताने तपासली गेली, ती दोन-तीन वर्षांत आपलीशी करताना त्यांची केवढी धावपळ झाली! तारापूरच्या लोकांवर ती पाळी आली नाही, कारण व्हिएन्नाचा तपासनीस येवो वा न येवो, रोजची नोंद त्यांच्याच हातची होती.

भारत अण्वस्त्रप्रसारबंदी करारात सामील नाही. तरीही व्हिएन्नाच्या संस्थेशी झालेल्या आणि २००९ साली अमलात आलेल्या मोठ्या करारान्वये २२ पैकी १४ भट्ट्या टप्प्याटप्प्याने निगराणीखाली आल्या, आणि त्या ठरवताना कोणत्या द्यायच्या नि कोणत्या राखायच्या याची निवड आपण केली.

तारापूरच्या त्या दोन जुन्या भट्ट्यांपैकी प्रत्येकीच्या गाभ्यात २८४ इंधनजुड्या बसतात, प्रत्येकीत ३६ नळ्या. जळून झालेली जुडी तलावात उतरवली, की तिच्याभोवतीच्या पाण्यात निळसर प्रभा उमटते; तपासनीस काठावर उभा राहून खास दुर्बिणीसारख्या यंत्रातून ती प्रभा न्याहाळतो, कारण खोटी जुडी आणून ठेवली तर ती मोजणीत भरेल, पण प्रकाशणार नाही. २०२० साली या दोन्ही भट्ट्या दीर्घ दुरुस्तीसाठी थांबल्या आणि त्यांची वीज बंद झाली. तलावातल्या जुड्यांची मोजदाद मात्र चालूच राहिली.