थोडक्या खर्चांतील भोजनगृह

शहरांतील दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत स्वतंत्र भोजनगृह ही चैन वाटते. आणि दुकानांतील टेबलखुर्च्यांच्या किंमती ऐकल्या म्हणजे तर तो विचारच सोडून द्यावासा वाटतो. परंतु भोजनगृह म्हणजे भारी किंमतीचें सामान नव्हे. घरांतील सर्व माणसें, वाढणारी गृहिणी धरून, एकाच वेळीं सुखानें जेवूं शकतील अशी जागा म्हणजे भोजनगृह, अशी आम्ही त्याची व्याख्या करतों.

पाटावरच्या पंगतीची शोभा आम्ही जाणतों. तथापि गुडघेदुखीनें गांजलेल्या वडील माणसांना खालीं बसणें दुःसह होतें, आणि वाकून वाकून वाढणाऱ्या गृहिणीचें जेवण सर्वांच्या मागून, निवलेल्या अन्नावरच होतें. हे दोन दोष घालविणें हेंच खरें काम होय.

यासाठीं पैशाच्या आधीं मापाचा विचार करावा. प्रत्येक जेवणाऱ्यास टेबलाची 60 सेंटिमीटर कड पुरते. म्हणून चौघांना 120 सेंटिमीटर लांब व 75 रुंद टेबल पुरेसें आहे. टेबलाची उंची 75 व बैठकीची 45 सेंटिमीटर ठेवावी. खुर्ची मागें सारून उठण्यास आणखी 75 सेंटिमीटर मोकळी जागा लागते. काटकसरीची युक्ति येथेंच आहे. भिंतीच्या बाजूस खुर्च्यांऐवजीं 40 सेंटिमीटर रुंदीचें बांक ठेवावें. तें मागें सारावें लागत नाहीं. त्यामुळें सुमारें पाऊण हात जागा वांचते, दोन खुर्च्यांचा खर्च टळतो, आणि वर झांकण केल्यास आंत पाट, सतरंज्या व सणावारीं लागणारीं भांडीं मावतात. वृद्धांना मात्र बांकावर सरकत जाणें अवघड. त्यांना बाहेरच्या बाजूस हातांची खुर्ची द्यावी.

टेबल नवेंच हवें असा आग्रह नको. जुन्या बाजारांत सागवानी सामान मिळतें. तें घेतांना पाय डळमळतात काय, सांधे सैल आहेत काय, लांकूड पोखरलेलें आहे काय, एवढें पाहावें. ओरखडे पॉलिशनें झांकतात; पोखरलेलें लांकूड पुन्हां घट्ट होत नाहीं. जागा अगदींच तोटकी असल्यास भक्कम भिंतीला बिजागऱ्यांनीं जोडलेली, जेवण झाल्यावर मिटतां येणारी फळीहि दोघां-तिघांचें काम भागविते.

आतां दुसरा दोष. आमटी, भात, कोशिंबीर, ताक हीं सर्व अडण्यांवर टेबलाच्या मध्यभागीं ठेवावीं व ज्याचें त्यानें वाढून घ्यावें. पोळ्या आधीं करून फडक्यांत गुंडाळून डब्यांत ठेवल्यास मऊ राहतात. तव्यावरची पोळी थेट ताटांत पडावी हा हट्ट जोंवर आहे, तोंवर कितीहि सुंदर टेबल आणलें तरी गृहिणीची जागा रिकामीच राहणार. टेबल विकत आणतां येतें. ही रीत मात्र घरांतील पुरुषांनींच घालून दिली पाहिजे.